परदेशी खरेदीदाराला गाडी विकताना नंबर प्लेट आणि विम्याचे काय करावे

गाडी आपल्याच देशातल्या माणसाला विकली, की नवा मालक त्याच नोंदणी कार्यालयाकडे जातो, गाडी आपल्या नावावर करून घेतो आणि जुन्या मालकाचे नाव नोंदीतून आपोआप उतरते. परदेशातला खरेदीदार मात्र त्या कार्यालयाची पायरी कधीच चढत नाही. तो गाडी आपल्या देशात नेतो, तिथल्या नियमांप्रमाणे तिची नव्याने नोंदणी करतो, नवी नंबर प्लेट लावतो, आणि मूळ देशातल्या नोंदीत विकणाऱ्याचे नाव जसेच्या तसे राहते. ते नाव तिथे असेपर्यंत वाहनकराची मागणी त्याच्याच पत्त्यावर येते, कॅमेऱ्याने टिपलेल्या दंडाच्या नोटिसा त्यालाच मिळतात, आणि मधल्या काळात त्याने विमा बंद केलेला असेल तर विम्याविना गाडी बाळगल्याचा ठपकाही त्याच्यावरच बसतो. त्यामुळे ही सगळी खटपट विकणाऱ्यानेच करायची असते आणि तिचा क्रम चुकवून चालत नाही: आधी नोंदणी आणि प्लेट यांचा निकाल लावायचा, त्याचा लेखी पुरावा हातात घ्यायचा, आणि त्यानंतरच विमा बंद करायचा. बहुतेकांच्या बाबतीत उलटे घडते, कारण विमा कंपनीला एक ईमेल पाठवणे सोपे असते आणि नोंदणी कार्यालयात जाणे जिवावर येते.

आधी ठरवा: गाडी चाकांवर जाणार की जहाजावर

व्यवहाराची बोलणी किमतीपुरतीच न ठेवता गाडी देशाबाहेर नेमकी कशी जाणार, हा प्रश्न पहिल्याच संभाषणात विचारावा. खरेदीदार स्वतः येऊन गाडी चालवत सीमेपलीकडे नेणार असेल, तर तिला रस्त्यावर चालण्यास वैध अशी प्लेट आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना चालणारा विमा लागतो. गाडी जहाजाने जाणार असेल, तर प्लेटची गरज फार तर बंदराच्या फाटकापर्यंत असते आणि पुढचा विमा मोटार विम्याचा राहतच नाही, तो मालवाहतुकीचा होतो. तिसरा प्रकार म्हणजे मोटारी वाहून नेणाऱ्या ट्रेलरवरून गाडी रस्त्याने परदेशी जाणे. यात प्लेट लागत नाही, पण वाहतूकदाराची जबाबदारी किती, हे तपासावे लागते.

या तिन्ही वाटांचे कागद वेगळे असल्यामुळे वाट ठरल्याशिवाय नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करू नये. ‘आधी प्लेट जमा करून टाकतो, मग बघू’ असे म्हणणाऱ्याची गाडी अनेकदा अंगणात अडकून पडते, कारण नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवणेच काय, उभी करणेही अनेक देशांत बेकायदा आहे.

प्लेट कोणाची, गाडीची की माणसाची

या प्रश्नाचे उत्तर देशागणिक बदलते, आणि अमेरिकेत तर राज्यागणिक. कॅलिफोर्नियात साधी प्लेट गाडीबरोबर जाते. विकणाऱ्याने पाच दिवसांच्या आत तिथल्या मोटार वाहन विभागाला मालकी सोडल्याची आणि जबाबदारी संपल्याची सूचना द्यायची असते. न्यूयॉर्कमध्ये प्लेट माणसाकडे राहते. ती दुसऱ्या गाडीवर चढवायची नसेल तर विभागाकडे जमा करून पावती घ्यावी लागते. स्वित्झर्लंडमध्येही प्लेट माणसाच्या नावाची असते. गाडी विकली की प्लेट वाहन कार्यालयात जमा करतात किंवा पुढच्या गाडीसाठी ठेवतात, आणि गाडीच्या नोंदणीपत्रावर रद्द झाल्याचा शिक्का मारून घेतात. तो शिक्का नसेल तर पुढच्या देशातले कार्यालय नोंदणी करताना हरकत घेऊ शकते, म्हणजे तो कागद विकणाऱ्याच्या संरक्षणाइतकाच खरेदीदाराच्याही गरजेचा असतो.

ब्रिटनमध्ये प्लेट सहसा गाडीवरच राहते आणि सगळा भर नोंदणीपुस्तिकेवर, म्हणजे ‘व्ही-फाइव्ह-सी’ या कागदावर असतो. त्यात कायमच्या निर्यातीसाठी एक वेगळा भाग दिलेला आहे. तो भरून डीव्हीएलए या वाहन नोंदणी संस्थेकडे पाठवायचा आणि बाकीची पुस्तिका खरेदीदाराला द्यायची, कारण परदेशात नोंदणी करताना त्याच्याकडे तीच मागितली जाते. सूचना पोहोचली की उरलेल्या पूर्ण महिन्यांचा वाहनकर परत मिळतो. अर्धवट महिना धरला जात नसल्यामुळे महिनाअखेरीस काम असेल तर ते पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेवर ढकलू नये. हौसेने घेतलेला खास क्रमांक गाडीवर असेल तर तो आधी स्वतःच्या नावावर राखून घ्यावा लागतो. गाडी क्रमांकासकट गेली की त्यावरचा हक्कही गेला.

जपानमधली पद्धत काटेकोर आहे. पुढची आणि मागची अशा दोन्ही प्लेटा परिवहन कार्यालयात परत कराव्या लागतात. मागच्या प्लेटच्या डाव्या बोल्टवर सरकारी मोहोर असलेले ॲल्युमिनियमचे टोपण बसवलेले असते, ते फोडल्याशिवाय प्लेट निघत नाही. त्यानंतर निर्यातीसाठी नोंदणी रद्द केल्याचे प्रमाणपत्र मिळते, आणि पुढच्या देशात गाडीचा जन्मदाखला म्हणून तेच चालते.

जर्मनीत प्लेट धातूचा तुकडा म्हणून मालकाची असते, पण तिच्यावरची गोल मोहोर कार्यालयाची असते. नोंदणी रद्द करताना कर्मचारी ती मोहोर खरवडून काढतो आणि निष्प्रभ झालेली प्लेट परत देतो. ती आठवण म्हणून भिंतीवर टांगायला हरकत नाही. १ जानेवारी २०१५ पासून नोंदणी झालेल्या गाड्यांच्या मोहरेखाली एक गुप्त क्रमांक छापलेला असतो. तो नाण्याने खरवडून काढून घरबसल्या नोंदणी रद्द करता येते. रद्द झाल्याची खबर कार्यालय स्वतःच विमा कंपनीला आणि वाहनकर गोळा करणाऱ्या सीमाशुल्क विभागाला कळवते. बाकी देशांतही अशीच साखळी जोडलेली असेल, असे मात्र धरून चालू नये.

आपल्या देशात यांपैकी कोणती पद्धत आहे, हे विक्रेता-खरेदीदारांच्या गप्पांतून न ठरवता नोंदणी कार्यालयाच्या अधिकृत माहितीतूनच पाहावे. विचारताना प्रश्नही नेमका विचारावा. ‘गाडी विकली तर काय करायचे’ असे विचारले की देशांतर्गत हस्तांतराचा अर्ज हातात पडतो. ‘गाडी कायमची देशाबाहेर जाणार आहे’ असे सांगितले, तरच योग्य खिडकी सापडते.

खरेदीदार गाडी चालवत नेणार असेल तर

इथे विकणाऱ्याला सर्वांत जास्त भीड पडते. समोरचा माणूस लांबून आलेला असतो, पैसे मोजून देतो आणि म्हणतो, ‘तुमच्याच प्लेटवर घरी नेतो, पोहोचलो की प्लेटा पोस्टाने परत पाठवतो.’ तो खोटे बोलत असेल असे नाही. पण त्या प्रवासात अपघात झाला, तर नोंदीतला मालक आणि विमेदार म्हणून पहिले पत्र विकणाऱ्यालाच येते. पोस्टाने येणारी प्लेट आलीच नाही, तर ती हरवल्याची तक्रार पोलिसांत नोंदवण्यापासून पुढचे सगळे सोपस्कार त्याच्याच गळ्यात येतात. या विनंतीला नम्र पण स्पष्ट नकार द्यावा, आणि नकार देण्याची वेळच येऊ नये म्हणून पर्याय आधीच सांगून ठेवावा.

तो पर्याय म्हणजे निर्यात प्लेट किंवा तात्पुरती प्लेट. जर्मनीची निर्यात प्लेट उजव्या कडेच्या लाल पट्टीवरून ओळखता येते आणि त्या पट्टीवर मुदत संपण्याची तारीख छापलेली असते. ती मिळण्यासाठी गाडीची तांत्रिक तपासणी वैध असावी लागते, वाहनकर भरावा लागतो आणि त्या मुदतीपुरता वेगळा विमा घ्यावा लागतो. पिवळ्या पट्टीची पाच दिवसांची अल्पमुदतीची प्लेट स्वस्त आणि लवकर मिळते, म्हणून लोकांना तिचा मोह पडतो. पण ती देशाबाहेर सगळीकडे मानली जात नाही, आणि सीमेपलीकडे पोलिसांनी अडवले की पाच दिवसांची मुदत तिथेच सरते. मला विचाराल तर देशाबाहेर जाणाऱ्या गाडीला निर्यात प्लेटच घ्यावी आणि तिचा खर्च कोणी सोसायचा, हे किंमत ठरवतानाच बोलून घ्यावे.

ही प्लेट आणि तिचा विमा शक्यतो खरेदीदाराच्या नावावर घ्यावा. अनेक ठिकाणी त्यासाठी त्याचे ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि तो स्वतः हजर नसेल तर सही केलेले अधिकारपत्र लागते. ही तयारी त्याने निघण्यापूर्वी करावी, असे त्याला लेखी कळवावे. शुक्रवारी दुपारी बंद खिडकीसमोर उभे राहून अधिकारपत्राचा नमुना शोधत बसण्यात कोणाचेच हित नसते.

विम्याच्या बाजूने दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, प्रवासात लागणारे सगळे देश त्या विम्यात आहेत का. युरोपात आणि त्याच्या भोवतालच्या बऱ्याच देशांत ग्रीन कार्ड नावाचे प्रमाणपत्र चालते. त्यावर देशांच्या संकेताक्षरांचे चौकोन असतात आणि ज्या चौकोनावर फुली मारलेली असेल तिथे तो विमा लागू होत नाही. २०२० पासून हे कार्ड साध्या पांढऱ्या कागदावरही छापता येते, त्यामुळे ते हिरवे नाही म्हणून खोटे समजू नये. फुल्या मात्र एकेक करून पाहाव्यात. दुसरी गोष्ट युरोपीय संघातल्या दोन देशांमधल्या व्यवहाराची. २००९ च्या मोटार विमा निर्देशानुसार खरेदीदाराने गाडीचा ताबा घेतल्यापासून ३० दिवस, गाडीची तिथे नोंदणी झालेली नसली तरी, ती जाणार असलेल्या देशातला विमा तिला घेता येतो. २०२१ च्या दुरुस्तीने नोंदणीच्या देशातला विमा की पोहोचण्याच्या देशातला, ही निवडही दिली. त्यामुळे ‘आमच्या देशातली कंपनी परदेशी प्लेटच्या गाडीला विमा देत नाही’ असे खरेदीदार म्हणाला, तर त्याने दुसऱ्या कंपनीकडे विचारणा करावी. विकणाऱ्याने आपला विमा चालू ठेवावा, हे त्यावरचे उत्तर नव्हे.

बंदरापर्यंतचा शेवटचा प्रवास

जहाजाने जाणाऱ्या गाडीबाबत लोक समुद्राचीच काळजी करतात, पण प्लेटच्या दृष्टीने खरी अडचण घरापासून बंदरापर्यंतच्या अंतरात असते. नोंदणी आधीच रद्द केली तर गाडी बंदरापर्यंत चालवता येत नाही. नोंदणी चालू ठेवून गाडी पाठवली तर प्लेट गाडीबरोबर निघून जाण्याचा धोका राहतो. सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे घरूनच नोंदणी रद्द करून गाडी वाहतूकदाराच्या ट्रेलरवर चढवणे. तो परवडत नसेल तर विकणाऱ्याने स्वतः, आपल्या चालू प्लेटवर आणि चालू विम्यावर, गाडी बंदरावर नेऊन द्यावी आणि प्लेटा तिथेच उतरवून घ्याव्यात.

हे काम बोलायला सोपे आहे, पण वर्षानुवर्षे पावसापाण्यात राहिलेले स्क्रू ऐनवेळी हलत नाहीत. आदल्या दिवशी घरीच ते एकदा सैल करून, थोडे तेल लावून पुन्हा बसवावेत. बरोबर योग्य मापाचा स्क्रू-ड्रायव्हर, पान्हा आणि रिव्हेट असतील तर ते कापण्याचे साधन न्यावे. प्लेटा काढल्यावर रिकामी जागा दिसेल असा गाडीचा पुढून आणि मागून फोटो घ्यावा, काचेखालचा चासी क्रमांक आणि किलोमीटरचा आकडा यांचेही फोटो घ्यावेत, आणि गोदामाच्या पावतीवर ‘नंबर प्लेट नाहीत’ असा शेरा लिहून मागावा. जहाजावर गाडी चासी क्रमांकाच्या चिठ्ठीवरून ओळखली जाते, तिला प्लेटची गरज नसते.

अमेरिकेतून वापरलेली गाडी पाठवायची असेल तर मालकीपत्र आणि इतर कागद निर्यातीच्या किमान ७२ तास आधी तिथल्या सीमाशुल्क विभागापुढे सादर करावे लागतात. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेचे निर्यातीला संमती देणारे पत्रही लागते. या ७२ तासांत गाडी बंदराच्या आवारात उभी असते आणि प्लेट उतरलेली असते, म्हणून त्या मुक्कामाचा विमा कोणाच्या पॉलिसीत बसतो, हे जहाज कंपनीच्या प्रतिनिधीला आधीच विचारावे.

समुद्रावर मोटार विमा चालत नाही

साधी मोटार पॉलिसी रस्त्यावरच्या वापरासाठी असते. गाडी माल म्हणून जहाजावर चढली की तिला सागरी मालवाहतुकीचा विमा लागतो. तो कोणी काढायचा, हे विक्रीच्या अटीवर अवलंबून असते. आंतरराष्ट्रीय व्यापारात रूढ असलेल्या ‘एफओबी’ अटीत गाडी जहाजावर चढेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची आणि नंतर खरेदीदाराची असते. ‘सीआयएफ’ अटीत विकणारा भाडे आणि विमा दोन्ही भरतो, पण जोखीम तरीही जहाजावर चढतानाच खरेदीदाराकडे जाते. हे न समजल्यामुळे अनेक भांडणे होतात. ‘विमा मी काढला, म्हणजे गाडी पोहोचेपर्यंत ती माझी’ असे विकणाऱ्याला वाटते आणि खरेदीदारालाही तसेच वाटणे सोयीचे असते.

‘एक्स वर्क्स’ म्हणजे गाडी माझ्या दारातून उचला, ही अट विकणाऱ्याला सर्वांत आकर्षक वाटते. जोखमीच्या दृष्टीने ती तशी आहेही. पण त्या अटीत निर्यातीचे सोपस्कार खरेदीदाराकडे जातात, आणि त्याने ते पूर्ण केले नाहीत तर नोंदणी रद्द करण्यासाठी लागणारा निर्यातीचा पुरावा विकणाऱ्याला मिळतच नाही. नोंदणी आपल्या नावावर असलेल्या खासगी विक्रेत्याने ही अट स्वीकारायचीच असेल, तर प्लेटा दारातच उतरवून घ्याव्यात.

सीआयएफ अटीत किमान बंधनकारक विमा म्हणजे ‘इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस’ या मालवाहतूक विम्याच्या प्रमाणित कलमांमधला ‘सी’ प्रकार, आणि तोही किमतीच्या ११० टक्के रकमेचा. हा ‘सी’ प्रकार आग लागणे, जहाज बुडणे, टक्कर होणे अशा मोठ्या संकटांपुरता असतो. चोरी, चढवता-उतरवताना आलेला पोचा, आत शिरलेले समुद्राचे पाणी यांची भरपाई त्यात मिळत नाही. गाडीसारख्या वस्तूला ‘ए’ प्रकार, म्हणजे स्पष्टपणे वगळलेल्या बाबी सोडून सगळ्या नुकसानींचा विमा घ्यावा, असे माझे मत आहे, कारण गाडीचे नुकसान बहुधा बुडण्याने होत नाही, ओरखड्याने होते. आधीचे ओरखडे कोणते, हे दाखवणारे तारखेचे फोटो नसतील तर ‘ए’ प्रकारातही दावा अडतो.

मोठी संकटे अगदीच दुर्मीळ आहेत असेही नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये जर्मनीतल्या एम्डेनहून अमेरिकेला निघालेल्या ‘फेलिसिटी एस’ या जहाजाला अझोर्स बेटांजवळ आग लागली आणि १ मार्चला ते जवळपास चार हजार मोटारींसह बुडाले. याखेरीज सागरी कायद्यातली एक जुनी तरतूद लक्षात ठेवावी: जहाज वाचवण्यासाठी केलेला असाधारण खर्च किंवा मालाचा त्याग यांचा भार जहाजावरच्या सगळ्या मालाच्या मालकांवर त्यांच्या मालाच्या किमतीप्रमाणे वाटला जातो. २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलेल्या ‘एव्हर गिव्हन’ जहाजाच्या बाबतीत हेच जाहीर झाले. आपल्या गाडीला ओरखडाही पडलेला नसताना हा वाटा भरल्याशिवाय किंवा हमी दिल्याशिवाय ती सोडवता येत नाही. सागरी विमा असेल तर ही रक्कम विमा कंपनी उचलते.

ट्रेलरवरून रस्त्याने दुसऱ्या देशात जाणाऱ्या गाडीला ‘सीएमआर’ हा रस्त्यावरच्या आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीचा करार लागू होत असेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी वजनावर मोजली जाते: दर किलोला ८.३३ एसडीआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी एककात. दीड हजार किलोच्या गाडीला ही कमाल मर्यादा १२,४९५ एसडीआर होते. गाडीची किंमत त्याहून जास्त असेल तर वेगळा विमा काढावा.

मोटार विमा नेमका कधी बंद करावा

नोंदणी रद्द झाल्याचा, प्लेट जमा केल्याचा किंवा निर्यातीची सूचना स्वीकारल्याचा कागद हातात आल्यावर, आणि त्या कागदावरच्या तारखेपासून. न्यूयॉर्क आणि फ्लोरिडा या राज्यांत तर हा क्रम कायद्यानेच पाळावा लागतो. तिथे प्लेट जमा करण्याआधी विमा बंद केला तर वाहन चालवण्याचा परवानासुद्धा निलंबित होऊ शकतो. ब्रिटनमध्ये २०११ पासून नोंदीतल्या प्रत्येक गाडीला सतत विमा असणे सक्तीचे आहे; गाडी रस्त्यावर नसल्याची अधिकृत घोषणा केलेली असेल तरच सूट मिळते. गाडी खरोखर कुठे आहे, याच्याशी संगणकाला कर्तव्य नसते. नोंदीत गाडी आहे आणि विमा नाही, एवढे जुळले की नोटीस निघते.

जर्मनीत नोंदणी चालू असतानाच गाडी विकली, तर विमा करार कायद्याच्या ९५ व्या कलमानुसार पॉलिसी खरेदीदाराकडे जाते आणि चालू मुदतीच्या हप्त्यासाठी दोघेही जबाबदार राहतात. खरेदीदार दुसऱ्या देशात निघून गेल्यावर कंपनी हप्ता कोणाकडे मागणार, हे सांगायला नको. म्हणून तिथे परदेशी माणसाला गाडी विकताना नोंदणी आधी रद्द करून घेणे शहाणपणाचे ठरते. नोंदणी रद्द झाल्यावर गाडी विकली जाईपर्यंत बंद आवारात उभी असेल, तर तिथल्या नेहमीच्या पॉलिसींत मर्यादित स्वरूपाचे विमा संरक्षण हप्त्याशिवाय काही काळ चालू राहते. गाडी कुठे उभी राहणार आहे, हे कंपनीला आधी कळवावे.

विमा बंद करण्याच्या पत्रात गाडीचा नोंदणी क्रमांक, चासी क्रमांक, पॉलिसी क्रमांक, विक्रीची तारीख आणि नोंदणी रद्द झाल्याची तारीख लिहावी, पावतीची प्रत जोडावी, आणि तीन गोष्टी मागाव्यात: पॉलिसी अमुक तारखेपासून बंद झाल्याचे पत्र, उरलेल्या हप्त्याचा परतावा, आणि दावा न केल्याच्या वर्षांचे प्रमाणपत्र. परतावा दोन पद्धतींनी मोजतात. उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात मोजला, तर सहा महिने उरले असताना साधारण निम्मा हप्ता परत येतो. अल्पमुदतीच्या दराने मोजला तर त्याहून कमी. त्या वर्षात दावा केलेला असेल तर काही कंपन्या काहीच देत नाहीत. कोणती पद्धत लागू आहे, हे पॉलिसीच्या रद्द करण्याच्या कलमात लिहिलेले असते. आखातातून गाडी बाहेर काढणाऱ्यांनी हे कलम जरूर वाचावे, कारण तिथल्या कंपन्याही नोंदणी रद्द झाल्याचा किंवा निर्यातीचा दाखला पाहिल्याशिवाय परताव्याला हात घालत नाहीत.

‘नो क्लेम बोनस’चे प्रमाणपत्र लोक मागायला विसरतात. स्वतः दुसऱ्या देशात राहायला जाणाऱ्याने ते इंग्रजीत किंवा जाणार त्या देशाच्या भाषेत मागावे. सगळ्याच कंपन्या परदेशी प्रमाणपत्र मानतात असे नाही, पण ज्या मानतात त्या अलीकडच्या तारखेचे आणि कंपनीच्या शिक्क्याचे पत्र मागतात, आणि पॉलिसी बंद होऊन बराच काळ गेल्यावर ते मिळवणे कष्टाचे होते. हप्त्याची रक्कम बँकेतून आपोआप वळती होत असेल तर ती सूचना थांबवावी, पण कंपनीचे बंद झाल्याचे पत्र आल्यानंतर. आधी पैसे थांबवले तर कंपनीच्या दप्तरी ती थकबाकी ठरते.

पैसे आधी की नोंदणी रद्द आधी

इथेच घोडे पेंड खाते. खरेदीदाराला नोंदणी रद्द झालेली गाडी हवी असते, कारण त्या कागदाशिवाय त्याच्या देशात तिची नोंदणी होत नाही. विकणाऱ्याला पैसे मिळेपर्यंत नोंदणी रद्द करायची नसते, कारण व्यवहार फिसकटला तर प्लेट नसलेली, विमा नसलेली गाडी त्याच्या गळ्यात राहते आणि ती पुन्हा रस्त्यावर आणायला तपासणी, शुल्क, नवी प्लेट असा सगळा फेरा पुन्हा घालावा लागतो. काही ठिकाणी निर्यातीसाठी रद्द झालेली नोंदणी पूर्ववत करणे फारच किचकट असते.

व्यवहार्य तोड अशी: करारात पैशांचे दोन टप्पे लिहावेत. पहिला टप्पा नोंदणी रद्द करण्यापूर्वी बँकेत जमा झालेला असावा आणि तो एवढा असावा की खरेदीदाराने माघार घेतली तरी पुन्हा नोंदणी, विमा आणि गाडी उभी करण्याचे भाडे त्यातून भागावे. माघार घेतल्यास तो परत मिळणार नाही, असे स्पष्ट लिहावे. नोंदणी रद्द झाल्याच्या कागदाची प्रत दाखवल्यावर दुसरा टप्पा, आणि तो जमा झाल्यावरच मूळ कागद आणि किल्ल्या. परदेशी धनादेश आणि ‘पैसे पाठवल्याचा’ स्क्रीनशॉट यांना जमा रकमेचे मोल देऊ नये.

ताबा देतानाचा कागद

ताबा दिल्याची तारीख आणि वेळ, मिनिटांसह, दोघांच्या सह्यांनिशी लिहावी. वेळेचा आग्रह किरकोळ वाटतो, पण त्याच दिवशीच्या वेगमर्यादेच्या नोटिशीवर गाडी तेव्हा कोणाच्या ताब्यात होती, हे सिद्ध करायला तीच एक ओळ उपयोगी पडते. त्याखाली किलोमीटरचा आकडा, चासी क्रमांक, खरेदीदाराच्या पासपोर्टचा क्रमांक आणि पत्ता, आणि ‘प्लेटा विकणाऱ्याने काढून घेतल्या’ किंवा ‘प्लेटा कायद्यानुसार गाडीबरोबर दिल्या’ यांपैकी जे खरे असेल ते वाक्य असावे. जिथे प्लेट गाडीबरोबर जाते तिथे ताब्याची आणि निर्यातीची सूचना शक्यतो त्याच दिवशी कार्यालयाला द्यावी.

काचेवरचा टोलचा टॅग, पार्किंगचा परवाना आणि कंपनीच्या ॲपमधली गाडीची जोडणी ताबा देण्यापूर्वी काढावी. टोलच्या खात्यात गाडीचा क्रमांकही वेगळा नोंदलेला असतो, आणि नुसता टॅग काढला तरी कॅमेरा क्रमांक वाचून त्याच खात्यातून पैसे कापत राहतो. म्हणून क्रमांकही खात्यातून हटवावा. निष्प्रभ झालेल्या प्लेटा घरी आणल्या असतील तर त्या अखंड कचऱ्यात टाकू नयेत, कापून किंवा भोके पाडून टाकाव्यात, कारण दुसऱ्याच्या क्रमांकाची प्लेट लावून गाडी फिरवणाऱ्यांना अशा प्लेटा हव्याच असतात.

युरोपीय संघात २०१५ च्या एका निर्देशानुसार वाहतुकीच्या गुन्ह्यांसाठी गाडीच्या नोंदीची माहिती एक देश दुसऱ्या देशाला देतो, त्यामुळे विक्रीनंतरचा दंड सीमेपलीकडूनही पत्त्यावर येऊ शकतो. अशी नोटीस आली तर ती बाजूला टाकू नये. दिलेल्या मुदतीत विक्रीचा करार, ताब्याचा वेळ लिहिलेला कागद आणि नोंदणी रद्द झाल्याचा दाखला यांच्या प्रती जोडून उत्तर द्यावे, आणि उत्तर पाठवल्याची पोच त्याच फाइलमध्ये लावावी. ही फाइल, विमा बंद झाल्याच्या पत्रासह, काही वर्षे तरी सांभाळून ठेवावी, आणि आपण पत्ता बदलला तर जुन्या पत्त्यावरची टपाल पुढे येण्याची सोय करून ठेवावी, कारण नोंदणी कार्यालयाच्या दप्तरात शेवटचा पत्ता तोच असतो.